बंद घरातला संगणक आणि यवतमाळचा मुक्काम

नागपूरच्या प्रतापनगर भागातून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते कर सल्लागार असून घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे ऑफिस आहे. वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यापासून आठवड्यातले चार दिवस ते यवतमाळला असतात. पत्नी शाळेत शिकवतात, त्यामुळे सकाळपासून सायंकाळपर्यंत नागपूरचे घर बंद असते. ते लिहितात: "टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, जुने स्कॅन केलेले कागद, सगळे घरच्या डेस्कटॉपवर आहे आणि तो मला यवतमाळहून चालवायचा आहे. भाचा म्हणतो, राउटरमध्ये पोर्ट उघडा आणि विंडोजचे रिमोट डेस्कटॉप वापरा. मित्र म्हणतो, ॲनीडेस्क टाका, कायमचा पासवर्ड ठेवा, पाच मिनिटांचे काम आहे. पत्नी म्हणते, असल्याच ॲपने आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या खात्यातले पैसे गेले, ते घरात आणायचेच नाही. संगणक सहा वर्षांचा आहे, विंडोज १० होम आहे. मी कोणाचे ऐकावे?"

सप्रेम नमस्कार.

तिघांमध्ये तुमच्या पत्नीचे म्हणणे सर्वांत जास्त ऐकण्यासारखे आहे. त्यांना ज्याची भीती वाटते ते आणि तुम्हाला जे करायचे आहे ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याकडे मी पुढे येतो. भाच्याचा सल्ला तुमच्या संगणकावर चालणारच नाही, आणि चालला असता तर तो अधिक धोक्याचा ठरला असता. मित्राचे म्हणणे अर्धे खरे आहे, कारण जोडणी खरोखरच पाच मिनिटांत होते. मात्र या कामात जोडणी हा सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग असा की बंद घरातला तो संगणक वीज जाऊन आल्यावर, राउटर अडकल्यावर किंवा विंडोजने रात्री स्वतःहून रीस्टार्ट घेतल्यावर, कोणीही बटण न दाबता पुन्हा उठून बसला पाहिजे.

आधी हे ठरवा, की घरचा संगणक तुम्हाला नेमका कशासाठी हवा आहे. जीएसटी आणि आयकर यांची पोर्टल कोणत्याही संगणकावरून उघडतात. महिन्याच्या ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे भरायला तुमचा लॅपटॉप आणि बरे इंटरनेट एवढे पुरते. उरतात टॅलीचा डेटा आणि वर्षानुवर्षांचे स्कॅन. हा डेटा सरळ लॅपटॉपवर उचलून न्या, असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच, पण मी सांगणार नाही. चार दिवस लॅपटॉपवर आणि तीन दिवस डेस्कटॉपवर नोंदी होऊ लागल्या, की महिनाभरात एकाच क्लायंटच्या दोन वह्या तयार होतात आणि त्यांतली खरी कोणती हे शोधण्यात विवरणपत्र भरायची शेवटची तारीख उजाडते. वही एकच असावी, ती एका जागी असावी आणि तुम्ही दुरून तिच्यातच लिहावे, यासाठी घरचा संगणक दुरून चालवणे मला योग्य वाटते.

त्याच कारणाने व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कशी खासगी जोडणी) लावून घरचे फोल्डर लॅपटॉपवर उघडायचे आणि तो डेटा लॅपटॉपच्या टॅलीत चालवायचा, हा मार्गही टाळावा. मोबाइलचे नेटवर्क मध्येच तुटले, तर अर्धवट लिहिलेल्या फाइलची अवस्था काय होईल ते सांगता येत नाही. पडदा दुरून चालवण्याच्या पद्धतीत डेटा घरातच राहतो. तुमच्याकडे येते ते पडद्याचे चित्र आणि तिकडे जातात ते कीबोर्डचे ठोके आणि माउसची हालचाल. नेट तुटले तरी घरी टॅली चालूच राहते, आणि पुन्हा जोडल्यावर कर्सर जिथे सोडला होता तिथेच लुकलुकताना सापडतो.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण तुमच्या बाबतीत पहिल्याच पंधरवड्यात तिची पुनरावृत्ती होण्याचा संभव आहे. काही वर्षांपूर्वी मी तीन दिवसांसाठी गडचिरोलीला होतो आणि नागपूरचा संगणक दुरून चालवत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी नागपुरात वीज गेली, तासाभराने आली, राउटर सुरू झाला, पण संगणक मात्र दिसेना. शेजारच्या काकूंकडे किल्ली होती. त्यांना फोन करून बटण दाबायला सांगितले. त्यांनी दाबले आणि म्हणाल्या, "दाबलं भाऊ, तो पिवळा दिवा होता ना, तो पण विझला." त्यांनी मॉनिटरचे बटण दाबले होते. सीपीयूचा डबा टेबलाखाली जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे होता, आणि त्यालाही बटण असते हे त्यांना सांगायला हवे हे मला सुचले नव्हते. व्हिडिओ कॉल लावून, टॉर्च पाडून, ते बटण सापडेपर्यंत काकूंच्या गॅसवरचे दूध उतू गेले. त्या दिवसापासून माझ्या सीपीयूच्या बटणावर लाल चिकटपट्टी आहे. तुम्हीही आजच एक लावा आणि त्या पट्टीविषयी घरात सांगून ठेवा.

ती वेळ मुळात येऊ नये म्हणून करायची गोष्ट अशी. संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट की दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. कोणती की लागते ते पहिल्या पडद्यावर लिहिलेले असते. तिथे पॉवरच्या विभागात 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच अर्थाच्या नावाचा एक पर्याय असतो. तो बहुतेक संगणकांत मुळात 'पॉवर ऑफ'वर असतो, म्हणजे वीज जाऊन आली तरी संगणक बंदच राहतो. तो 'पॉवर ऑन'वर ठेवला, की वीज येताच संगणक आपोआप सुरू होतो. माझ्या फजितीचे सगळे मूळ या एका ओळीत होते.

यूपीएस असल्यास यात एक बारकावा आहे. यूपीएसच्या सॉफ्टवेअरने बॅटरी उतरत आल्यावर संगणक व्यवस्थित बंद केला आणि बॅटरी पूर्ण संपण्याआधीच वीज परत आली, तर संगणकाच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नसते, आणि मग तो उठत नाही. साध्या घरगुती यूपीएसची बॅटरी तशीही डेस्कटॉपला काही मिनिटेच पुरते, म्हणून मी इन्व्हर्टरला अधिक महत्त्व देईन. तुमच्या घरी तो असेलच. पुष्कळ इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' नावाचे एक बटण असते. ते लावले नसेल, तर वीज गेल्यापासून बॅटरी लागेपर्यंतचा क्षण पंख्याला कळत नाही, पण संगणकाला तेवढ्यात रीस्टार्ट व्हायला पुरतो. पुढच्या खोलीचा तो सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. राउटर आणि फायबरचा छोटा डबा हे दोन्हीही त्याच लाइनवर हवेत. संगणक चालू आणि राउटर बंद, असे झाले तर सगळा उपद्व्याप व्यर्थ जातो.

नागपूरचा उन्हाळा या हिशेबात धरलाच पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि संगणकाच्या आसपासची हवा ३५ अंशांपर्यंतच असावी अशी निर्मात्यांची सर्वसाधारण अपेक्षा असते. तुम्ही घरी असता तेव्हा कूलर चालू असतो; घर बंद असते तेव्हा तोही बंद, खिडक्याही बंद, आणि आत संगणक एकटा तापत राहतो. म्हणून उन्हाळ्यापूर्वी सीपीयू उघडून पंखा आणि त्याखालच्या पट्ट्यांतली धूळ काढून घ्या, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेला असेल तर खोलीतली जागाच बदला. तुम्ही घरी असताना कूलरचा झोत थेट त्याच्यावर येऊ देऊ नका. बोअरच्या पाण्याचे तुषार आणि खसच्या ताट्यांतली धूळ यांचा जो पांढरा थर बसतो, तो काढताना तुम्हालाच दिसेल.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. पडदा दहा मिनिटांनी बंद झाला तरी चालेल. अपडेटसाठी 'ॲक्टिव्ह अवर्स' तुमच्या कामाच्या वेळेचे ठेवा. संगणक दिवसरात्र चालू राहिल्याने बिल किती वाढेल, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. नुसता बसलेला डेस्कटॉप सरासरी ६० वॉट घेतो असे धरले, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. हे वाचवायचे असेल तर वेक-ऑन-लॅन नावाची सोय आहे: ६ बाइटच्या एका खुणेनंतर नेटवर्क कार्डाचा पत्ता १६ वेळा लिहिलेला, असा १०२ बाइटचा संदेश तारेतून आला की झोपलेला संगणक जागा होतो. मात्र हा संदेश घरातल्याच दुसऱ्या चालू उपकरणाकडून जावा लागतो, तो वायफायवर भरवशाचा नाही, आणि विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर बंद केलेला संगणक अनेकदा दाद देत नाही. तुमच्या सध्याच्या धावपळीत मी ४३ युनिटचे पैसे भरून मोकळा झालो असतो.

आता भाच्याच्या सल्ल्याकडे वळू. पोर्ट म्हणजे बाहेरून आत येण्याचे क्रमांक दिलेले दार. विंडोजच्या होम आवृत्तीतून तुम्ही दुसऱ्याचा संगणक रिमोट डेस्कटॉपने उघडू शकता, पण होम आवृत्तीच्या संगणकात तसे कोणाला येता येत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते. होममध्येच ती सोय चालू करून देणारी जुगाडू सॉफ्टवेअर नेटवर मिळतात, ती क्लायंटचे पॅन आणि बँकेचे तपशील असलेल्या संगणकात घालू नयेत. समजा प्रो घेतली, तरी तुमच्या राउटरला बाहेरून येता येईल असा स्वतंत्र पत्ता असेलच असे नाही. इंटरनेटवर पत्ते देण्याच्या आयपी या पद्धतीच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी आहेत. ते केव्हाच अपुरे पडले, म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' म्हणून जो आकडा दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचे घरही अशाच सामाईक पत्त्यामागे आहे, आणि राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी त्या पत्त्यावरून बाहेरचा कोणी आत पोहोचणार नाही.

आणि पोहोचत असेल, तर ती आणखी वाईट बातमी आहे. रिमोट डेस्कटॉपचे पोर्ट ३३८९ हे जगजाहीर आहे. इंटरनेटवर ते उघडे ठेवले, की यंत्रे लवकरच ते हुडकून काढतात आणि रात्रंदिवस पासवर्ड लावून पाहत राहतात. पोर्टचा आकडा बदलल्याने फारसा फरक पडत नाही, कारण शोधणारी यंत्रे सगळेच आकडे तपासतात. शिवाय पासवर्ड भक्कम असूनही दार मोडले जाऊ शकते. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये पासवर्डशिवाय आत शिरता येईल असा एक दोष उघड झाला. तो 'ब्लूकीप' या नावाने ओळखला जातो, आणि तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने कधीच सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. तुमच्या विंडोज १० मध्ये तो विशिष्ट दोष नव्हता, पण पुढचा असा दोष कशात निघेल हे कोण सांगणार? भाचा हुशार आहे, त्याने वाचलेली माहितीही खरी आहे. ती ऑफिसातल्या आतल्या नेटवर्कसाठी लिहिलेली असावी, एवढेच.

मित्राने सुचवलेल्या प्रकारच्या सेवांमध्ये हे दार बाहेरून उघडावे लागत नाही. घरचा संगणक स्वतःहून बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो, तुमचा लॅपटॉपही तिथेच जातो, आणि दोघांची गाठ तिथे पडते. राउटरला हात लावावा लागत नाही आणि सामाईक पत्त्याचाही अडथळा येत नाही. मात्र ॲनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर यांच्या फुकट आवृत्त्या खासगी वापरासाठी आहेत. तुमचे काम व्यवसायाचे आहे, त्यामुळे ती वापरायची तर परवाना विकत घ्यावा. फुकट वापरत राहिलात तर ऐन २० तारखेला जोडणी अडवली जाऊ शकते. मध्ये बसलेली कंपनीसुद्धा काही अभेद्य नसते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे ॲनीडेस्कने स्वतःच जाहीर केले आणि वापरणाऱ्यांना पासवर्ड बदलायला सांगितले होते. याचा अर्थ ती सेवा वापरूच नये असा नाही. कायमचा पासवर्ड म्हणून जो ठेवाल तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा, असा आहे.

तुम्हाला मी क्रोम रिमोट डेस्कटॉप सुचवतो. त्याला वेगळे शुल्क नाही, विंडोज होमवर ते चालते, आणि रीस्टार्टनंतर लॉगिनच्या पडद्यावर संगणक थांबलेला असतानाही त्यात शिरता येते. फाइल पाठवणे, छपाई यांत ते इतरांपेक्षा मागे आहे, पण तुमची गरज टॅली बघण्याची आणि नोंदी करण्याची आहे. त्यासाठी एक स्वतंत्र गूगल खाते काढा, ज्यावर ना ईमेल येते ना यूट्यूब चालते. त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, आणि त्यासाठी दिलेला मोबाइल नंबर यवतमाळला तुमच्या खिशात असणारा असावा. हे उघड वाटते, पण ओटीपी नागपूरला राहिलेल्या फोनवर जाणारी मंडळी मी पाहिली आहेत. संगणकासाठी वेगळा पिन द्यावा लागतो. किमान सहा अंक चालतात, तुम्ही दहा-बारा ठेवा, आणि ते गाडीच्या नंबरवरून घेऊ नका. पुढे निवांतपणा मिळाला तर विंडोज प्रो आणि टेलस्केलसारखे खासगी नेटवर्क हा अधिक नीटस मार्ग आहे. त्यातही राउटरचे पोर्ट उघडावे लागत नाही. तो आज नको.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. विंडोज १० ला मिळणारी नियमित दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. संगणक विंडोज ११ साठी पात्र असेल तर तो बदल करून घ्या. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी करा. तीही घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, हे लक्षात ठेवून पुढची सोय पाहावी.

तुमच्या पत्रात डिजिटल सहीचा उल्लेख नाही, पण कर सल्लागाराच्या टेबलाच्या खणात अशी सही साठवलेली, पेनड्राइव्हसारखी यूएसबी टोकन असतातच, म्हणून विचारल्याशिवाय लिहितो. क्रोम रिमोट डेस्कटॉपमध्ये तुम्हाला घरचाच पडदा दिसतो, त्यामुळे घरच्या संगणकाला लावलेले टोकन तिथल्या पोर्टलला दिसते आणि सही होते. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये नेमके उलटे घडते. ते तुमच्या हातातल्या लॅपटॉपचे टोकन तिकडे नेते, आणि घरच्या संगणकाला लावलेले टोकन त्याला दिसत नाही. कित्येक जण या एका कोड्यात दोन-दोन दिवस घालवतात. आता तुम्ही म्हणाल, मग टोकन घरच्या संगणकाला लावूनच ठेवतो. कृपया ठेवू नका. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या ४२ व्या कलमाने सहीची खासगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी ज्याची सही त्याच्यावरच टाकली आहे. टोकन लावलेला संगणक बंद घरात चोवीस तास चालू ठेवणे या काळजीत बसत नाही, मग पिन कितीही गुप्त असो. तुमचे स्वतःचे टोकन लॅपटॉपच्या पिशवीत न्या, सहीचे सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर लॅपटॉपवर टाकून घ्या आणि सह्या तिकडूनच करा. क्लायंटची टोकन ज्याची त्याला परत करा. बहुतेक छोट्या दुकानदारांचे काम ओटीपीने होतेच. कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था) तेवढ्या उरतील.

आता तुमच्या पत्नीच्या भीतीविषयी. शाळेतल्या त्या बाईंच्या बाबतीत बहुधा असे झाले असेल, की बँकेतून किंवा वीज कंपनीतून बोलतो असे सांगून कोणीतरी फोन केला, ॲप टाकायला लावले, पडद्यावर आलेला आकडा विचारून घेतला आणि परवानगीचे बटण दाबायला सांगितले. या रीतीने यूपीआयमधून पैसे काढले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना दिला होता, आणि त्यात ॲनीडेस्कचे नाव होते. ॲप तेच, पण तिथे एक टोक ठगाच्या हातात होते. तुमच्याकडे दोन्ही टोके तुमच्याच हातात असतील. तरीही पत्नीचा आग्रह मी अर्ध्याहून अधिक मान्य करीन. मोबाइलमध्ये असे कोणतेही ॲप टाकायचे नाही, जे दुसऱ्याला तुमचा मोबाइल दाखवते. घरच्या संगणकावरून नेटबँकिंग करायचे नाही. ते लॅपटॉपवर करा, आणि घरच्या ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले बँकेचे पासवर्ड काढून टाका. फोनवर कोणी कोड, आकडा किंवा परवानगी मागितली, तर त्याच क्षणी फोन बंद. चुकून काही घडलेच, तर १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवण्याची शक्यता त्या पहिल्या तासाभरात सर्वाधिक असते. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवा. पत्नीला तो सांगण्यापेक्षा त्यांच्याकडूनच लिहून घेतलात, तर घरातला अर्धा विरोध मावळेल, असा माझा अंदाज आहे.

त्यांना आणखी एक सांगावे लागेल. तुम्ही यवतमाळहून काम करत असताना घरच्या मॉनिटरवर ते सगळे जसेच्या तसे दिसते. बाण आपोआप फिरतो, खाती उघडतात. संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला हे एकदम दिसले तर तो दचकेल, आणि शिकवणीला आलेल्या मुलांनी क्लायंटचा ताळेबंद पाहावा असेही तुम्हाला वाटणार नाही. निघताना मॉनिटरचे बटण बंद करून जा. इथे ते बटण दाबणे बरोबर आहे. काम संपले, की यवतमाळहून विंडोज आणि एल या दोन की एकत्र दाबून संगणक लॉक करायचा आणि मगच जोडणी सोडायची. ब्राउझरची खिडकी नुसती बंद केली तर घरचा पडदा उघडाच राहू शकतो.

यवतमाळच्या बाजूने फार काही करायचे नाही. लॅपटॉप तुमचाच असावा. रुग्णालयाच्या काउंटरवरचा, भावाच्या मुलाचा किंवा सायबर कॅफेचा संगणक या कामाला वापरू नका, कारण टाइप केलेला पिन तिथे कोण टिपून ठेवत असेल ते कळायला मार्ग नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टॅली व्यवस्थित चालते. चित्र अडखळू लागले तर घरच्या संगणकाचे रिझोल्यूशन कमी करा आणि त्याच्या पडद्यावरचे वॉलपेपरचे छायाचित्र काढून साधा काळा रंग ठेवा. फोनच्या पडद्यावरून एखादी शिल्लक पाहता येते, पण व्हाउचर नोंदवू नका. अंगठ्याखाली शून्य कधी जास्त पडले ते कळत नाही. आणि स्कॅनरवर ठेवलेल्या कागदाचे पान उलटायला अजून तरी घरात माणूसच लागतो, तेव्हा क्लायंटना बिले व्हॉट्सॲपवर न पाठवता ईमेलने पीडीएफ पाठवायला आतापासून सांगा. बॅकअपची एक प्रत घरच्या संगणकाबाहेर, तुमच्या पिशवीतल्या डिस्कवर दर आठवड्याला जावी. बंद घराला चोरीचाही धोका असतो.

हे सगळे बसवून झाल्यावर थेट बस पकडू नका. एक दिवस घरी असताना तालीम घ्या. लॅपटॉप घेऊन गल्लीच्या तोंडावरच्या चहाच्या टपरीवर बसा, घरचे वायफाय तिथे पोहोचत असेल तर लॅपटॉप आणि मोबाइल त्यापासून तोडा, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घरच्या टॅलीत एक खोटी नोंद करून ती पुसा. मग पत्नीला सांगा, की मीटरजवळचा मुख्य स्विच पाडा, इन्व्हर्टरही बंद करा, आणि दहा मिनिटांनी दोन्ही सुरू करा, पण पुढच्या खोलीत पाऊल ठेवू नका. त्यानंतर पाच-सात मिनिटांत क्रोमच्या यादीत तुमच्या संगणकाच्या नावापुढे 'ऑनलाइन' दिसले आणि तुम्ही पिन देऊन आत गेलात, तर सोमवारच्या गाडीने निघायला हरकत नाही. दिसले नाही, तर घरी जाऊन राउटरचे आणि सीपीयूचे कोणते दिवे लागलेले आहेत ते पाहा आणि तेवढे मला कळवा. कुठे अडले आहे ते त्यावरून सांगता येईल. वडिलांच्या प्रकृतीला आराम पडो.